सव्यापसव्य

माझ्या वडिलांना, अण्णांना, याज्ञिक म्हणून ओळखणारी माणसे आता थोडीच उरली आहेत. पण त्यांच्यापैकी कोणी भेटले की एक प्रश्न हमखास विचारतात. "अण्णांकडे यजमानांची एवढी घरं होती, कंठही तुम्हाला त्यांचाच मिळाला. मग तुम्ही मास्तरकीत कसे शिरलात?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. आवड होती म्हणतो, योग म्हणतो. दोन्ही खोटे नाही. परंतु खरे कारण एका पंधरा मिनिटांच्या कृष्णधवल चित्रपटात आहे, आणि तो चित्रपट आता कोठे असेल हे मला ठाऊक नाही. अण्णा गेले, आईही गेली. जे मी त्या दोघांच्या देखत कधी नीट मांडू शकलो नाही, ते आता साठीकडे झुकताना कागदावर उतरवून ठेवतो आहे. ईश्वराने स्मरण शाबूत ठेवले आहे, तोवर हे काम उरकलेले बरे.

तेव्हा आम्ही वारज्याला नुकतेच राहायला आलो होतो. चार मजल्यांची इमारत, दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या आणि एक अरुंद गॅलरी. गॅलरीतून समोर ज्वारीचे रान दिसे, आणि त्या रानाच्या कडेने दर महिन्याला एखादे नवे जोते वर येई. पहाटे अण्णांचा पाठ सुरू होई, त्यापाठोपाठ माझा. मग आईच्या कुकरची शिट्टी, आणि नऊच्या सुमारास सिमेंट कालवण्याच्या यंत्राची घरघर. "आपण म्हणतो ते सगळं त्या यंत्रात पडत असणार," अण्णा म्हणत, "बिल्डरच्या भिंती तेवढ्या तरी टिकतील." आई आंबेमोहराशिवाय दुसरा तांदूळ घरात येऊ देत नसे. तो शिजू लागला की त्याचा वास जिन्याने वरवर चढत जाई, आणि चौथ्या मजल्यावर एकत्र राहणारी नोकरदार मुले आमच्या दारावरून उतरताना पाय जरा रेंगाळवत. एकादशीला वरईचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, चतुर्थीला मोदक, आणि एरवी वरणभात, त्यावर तूप, लिंबाची फोड. ह्या क्रमात तोवर फरक पडल्याचे मला आठवत नाही. पुढे तो पडला, आणि माझ्यामुळेच पडला. त्याविषयी ओघाने येईलच.

शहराला तेव्हा नवा हुरूप आला होता. गल्लोगल्ली संगणकाचे वर्ग निघत होते आणि त्यांच्या मालकांना उद्‌घाटनाला सत्यनारायण हवा असे, पण वेळ नसे. "गुरुजी, जरा शॉर्टमध्ये होईल का?" असे एकाने विचारले, तेव्हा अण्णा गंभीरपणे म्हणाले, "होईल की. देवाला निम्म्या वाटेवरूनच परत पाठवू." माझ्या वयाची मुले त्या वर्गांत जाऊन बसत होती आणि परदेशाची स्वप्ने पाहत होती. मला त्याचे आकर्षण नव्हते. अण्णांच्या उजव्या हाताला पाट मांडून बसावे, ते थांबतील तेथून पुढचे उचलावे, ते विसरतील अशी वेळ कधी येऊ नये आणि आलीच तर मी जवळ असावा, एवढेच मी मागत असे. माझे विसावे सरले तेव्हा अण्णांनी एके दिवशी संध्या आटोपल्यावर सांगितले, "येत्या पितृपक्षात निम्मी घरं तू घे. मी शेजारी बसेन. चुकलास तर खाकरेन." मला त्या वेळी जो आनंद झाला तो पुढे पदवी मिळाल्यावरही झाला नाही.

चौथ्या मजल्यावरच्या मुलांपैकी एकाचे नाव सुगत. तो नागपूरचा, बौद्ध कुटुंबातला, हडपसरच्या एका संगणक कंपनीत कामाला. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठा. एका रविवारी सकाळी तो दारात येऊन उभा राहिला आणि आईला म्हणाला, "काकू, हे सकाळी सकाळी कोण म्हणतं? म्हणजे शब्द पुढं जाते, मग मागं येते, मग पुन्हा पुढं जाते, ते?" मी घनपाठ म्हणत असे, त्यात शब्द उलटसुलट क्रमाने विणत न्यावे लागतात. मी ते त्याला समजावून सांगितले. तो पायरीवरच बसून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "बाप्पा! हे तर एडिटिंग आहे." आई हसली. तिने त्याला भात वाढला. त्यानंतर तो वरचेवर येऊ लागला. मला 'पंडितजी' म्हणे, अण्णांना 'काका'. आणि अण्णा त्याला 'या, उपरवासी' म्हणत.

सुगतला चित्रपट करायचा होता. पदपथावरच्या रद्दीत त्याला एका जुन्या मासिकाचा फाटका अंक मिळाला होता. त्यात एक कथा होती. कथेचे पहिले पान गेलेले, त्यामुळे लेखक कोण ते कळत नव्हते. ती त्याने मला दिली आणि मी ती गॅलरीत बसून वाचली. तसले काळोखे लिखाण मी तोवर वाचले नव्हते. एक मेलेला माणूस दर वर्षी आपल्या श्राद्धाच्या दिवशी घरी येतो. त्याला कोणी पाहत नाही. दर वर्षी मुलाला त्याचा चेहरा थोडा थोडा कमी आठवतो, आणि जेवढा मुलगा विसरतो तेवढा बापाचा चेहरा खरोखरच पुसत जातो. आधी भुवया, मग ओठ. शेवटच्या वर्षी तो आपल्याच घराच्या आरशापुढे उभा असतो आणि आरशात फक्त भिंत असते. मी अंक मिटला आणि आत जाऊन अण्णांकडे उगाचच पाहून आलो. ते डाळ निवडत बसले होते.

"ह्यात मेलेला माणूस दाखवायचाच नाही," सुगत म्हणाला. "कॅमेरा म्हणजेच तो. तुम्ही श्राद्ध करणारा मुलगा. तुम्ही कॅमेऱ्याकडं पाहाल म्हणजे बापाकडं पाहाल."

"मीच का? कोणी नट घ्या."

"नटाचे हात खोटे दिसते, पंडितजी. तुमच्या हातांना माहीत आहे."

मी त्याला विचारले की तुमच्याकडे तर श्राद्ध करत नाहीत, मग हा विषय तुम्हाला कसा सुचला. तो म्हणाला, "माझा बाप गेला तेव्हा मी दहा वर्षांचा. आम्ही वंदना घेतो, फोटोपुढं मेणबत्ती लावतो. पण फोटो एकच आहे, ऑफिसचा, ग्रुपमधला. बाप नेमका हलला होता. तोंडच नाही आलं त्याचं." पुढे तो हसला. "मला श्राद्ध नाही पाहिजे. मला तो माणूस पाहिजे, जो दारात उभा राहून आपल्या घराकडं पाहून राहिला." ह्यावर मला नाही म्हणता आले नाही. अण्णांना मी एवढेच सांगितले की सुगतच्या चित्रपटात मी थोडे पठण करणार आहे. "संस्कृत नीट म्हण," अण्णा म्हणाले, "पिक्चर बघणारे झोपले असले तरी."

चित्रीकरण खडकवासल्याला झाले. ऐन उन्हाळा होता; धरणाचे पाणी मागे सरले होते आणि उघड्या पडलेल्या गाळाला हातभर रुंदीच्या भेगा पडल्या होत्या. त्या भेगाळ जमिनीवर सुगतने आणि त्याच्या कॅमेरा चालवणाऱ्या मित्राने एक घर मांडले होते. भिंती नव्हत्या, फक्त दाराची एक चौकट, चिखलात अर्धी रुतलेली खुर्ची, तार कोठेही न जोडलेला टेलिफोन, आणि कंपनीतून भंगारात निघालेला एक संगणकाचा पडदा, ज्याचे आतले सगळे काढून पोकळ खोके केले होते. त्या खोक्यात पत्रावळ ठेवायची आणि पत्रावळीवर पिंड. मला ते अभद्र वाटले, आणि तरीही मान्य केले पाहिजे की ते सुंदर दिसत होते. श्राद्ध हे कर्मच मुळात काळ्यापांढऱ्याचे: तीळ काळे, भात पांढरा. जणू त्या कर्माची वाट पाहत ती फिल्म तयार झाली असावी.

पहिली अडचण भाताची आली. सुगतने खाणावळीतून आणलेला भात सुटा, लांब दाण्याचा. त्याचा पिंड वळेना. उन्हात तो आणखीच फुटू लागला. शेवटी मी माझा डबा उघडला. आईने नेहमीप्रमाणे आंबेमोहराचा मऊ भात दिला होता, वरण वेगळ्या कप्प्यात. त्या भाताचे तीन पिंड चटकन वळले गेले. तेव्हा माझ्या मनात काही आले नाही. हात कामात गुंतले होते.

दुसरी अडचण नावाची. श्राद्धात 'अस्मत्पितुः', म्हणजे 'आमच्या पित्याचे', असे म्हणून गुरुजी थांबतात आणि त्या थांब्यात यजमानाने आपल्या वडिलांचे नाव आणि गोत्र उच्चारायचे असते. पोथीत त्या जागी 'अमुक' छापलेले असते. मी ठरवले होते की 'अमुक' एवढेच म्हणायचे, म्हणजे कोणालाच बोलावल्यासारखे होणार नाही. सुगतला ते पटेना.

"अमुक काय? फॉर्म भरून राहिले का? नाव घ्या न एखादं."

"बरं, केशव म्हणतो."

"केशव चालेल. पण एकदाच म्हणता येईल हं. एवढीच फिल्म उरली आहे, दुसरा टेक नाही."

तिसरी अडचण मात्र मी स्वतः उभी केली. जानवे एरवी डाव्या खांद्यावर असते. पितरांचे कर्म करताना ते उजव्या खांद्यावर घेतात, त्याला अपसव्य म्हणतात. परंतु ज्याचे वडील हयात आहेत त्याने ते खांद्यावर घ्यायचे नसते. दुसऱ्यांचे श्राद्ध सांगायला त्याला आडकाठी नाही, फक्त जानवे मनगटापर्यंत सरकवून तेथेच थांबायचे. मुंज झाल्यापासून अण्णांनी मला हे शिकवले होते. अण्णांबरोबर जेथे जेथे गेलो तेथे मी मनगटाशी थांबत आलो होतो, आणि त्या थांबण्यात एक गोड निश्चिंती होती. आपल्या डोक्यावर अजून छत्र आहे, हे दर वेळी मनगटाला कळे. मी हे सारे सुगतला सांगितले. तो कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाला, "मनगट फ्रेममध्येच नाही, पंडितजी. उघड्या खांद्यावर ती पांढरी रेघ पाहिजे. एक सेकंदासाठी एवढं सव्यापसव्य कशाला?"

मला हसू आले. उगाच केलेल्या उठाठेवीला आपण सारेच सव्यापसव्य म्हणतो. तो शब्द ह्याच जानव्याच्या डावीउजवीकडून आला आहे हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हते. मी ते त्याला सांगितले, तोही हसला, त्याचा मित्रही हसला, आणि त्या हसण्यात मी जानवे उचलून उजव्या खांद्यावर घेतले. आज मी स्वतःशी ह्याविषयी खोटे बोलणार नाही. हसण्याच्या भरात ते झाले नाही. त्या काचेत आपण कसे दिसत असू, हा विचार सकाळपासून माझ्या मनात होता. वीस वर्षांच्या आयुष्यात माझ्याकडे इतके निरखून कोणी पाहिले नव्हते. ती पांढरी रेघ मलाही हवी होती.

कॅमेरा घरघरू लागला. शेजारी टेपरेकॉर्डर फिरत होता. मी पिंड उचलला, कॅमेऱ्याच्या काचेत पाहिले आणि 'अस्मत्पितुः' म्हणून थांबलो. केशव हे नाव माझ्या ओठांवर होते. पण त्या शब्दानंतर खोटे नाव घ्यायचे नाही, खोट्या नावाने दिलेले कोणालाच पोहोचत नाही, हे लहानपणापासून जिभेत इतके मुरले होते की जिभेने मला विचारलेच नाही. 'आमच्या पित्याचे' म्हटल्यावर तिला एकच नाव माहीत होते. मी स्वच्छ, सुस्वर म्हणालो, 'त्र्यंबकशर्मणः काश्यपगोत्रस्य'. माझ्या अण्णांचे नाव. आणि पुढचे सारे, जे केवळ मृतांविषयीच म्हणतात, तेही अडखळल्याशिवाय म्हटले.

"वा!" सुगत म्हणाला. "कसला थांबलात तुम्ही! अंगावर आलं." त्याला संस्कृत कळत नव्हते; केशव आला की नाही हे त्याने ऐकलेच नाही. मी पिंड त्या पोकळ खोक्यात ठेवला. त्यांना कावळा हवा होता, म्हणून आम्ही तासभर उन्हात थांबलो. दोन कावळे आले, खुर्चीच्या पाठीवर बसले, मान वाकडी करून पाहत राहिले आणि उडून गेले. घरी परतल्यावर आईने विचारले, "डबा संपवलास ना?" मी हो म्हणालो.

त्यानंतर पंधरवडाही झाला नसेल. हडपसरला एका संगणक वर्गाचे उद्‌घाटन होते. अण्णा संकल्प सांगत होते. देश, काल, संवत्सर असे क्रमाने येत आवाज एका जागी थांबला. मला वाटले श्वास घेत आहेत. मी पाहिले तर त्यांचा उजवा ओठ खाली ओघळला होता आणि पळीतले पाणी मांडीवर सांडत होते. मालक धावला, रिक्षा आली, रुग्णालय झाले. सौम्य झटका आहे, रक्तदाब वाढलेला होता, जपले तर सुधारतील, असे डॉक्टर म्हणाले. मी त्यांचे सगळे ऐकत होतो आणि माझ्या कानांत टेपरेकॉर्डर फिरत होता.

अण्णा घरी आले ते काठी घेऊन. चालणे हळूहळू सुधारले. वाणी मात्र जड राहिली. ट, ड, ण, ळ हे जे वर्ण जीभ टाळूकडे उलटी वळवून म्हणायचे, तेच नेमके गेले. ज्या माणसाने शेकडो मुलांना 'बाण' आणि 'बान' यांतला फरक शिकवला, तो आता 'पानी' म्हणे आणि म्हटल्यावर डोळे मिटून घेई. पुढे त्यांचे बोलणे मी सरळ करूनच लिहितो आहे. आई त्यांना मऊ भात आणि मेतकूट भरवी. पहाटे मी एकटाच पाठ म्हणत असे आणि ते कॉटवर पडून ऐकत. पितृपक्ष दोन महिन्यांवर आला होता. घराघरांतून निरोप येत होते: अण्णांना बरे नसेल तर मुलाला, श्रीधरला, पाठवा. आई त्यांना सांगे, "पाठवू की, आता सगळं त्याच्यावरच आहे." ते ऐकले की मी गॅलरीत जाऊन उभा राही.

शेवटी एका दुपारी, आई पलीकडच्या खोलीत असताना, मी कॉटपाशी जमिनीवर बसून अण्णांना सांगितले. कथा सांगितली, खडकवासला सांगितले, केशव म्हणायचे ठरले होते तेही सांगितले. "आणि तोंडून आपलं नाव गेलं," मी म्हणालो. "गोत्रासकट."

अण्णांनी छताकडे पाहिले. मग एकेक शब्द जुळवत त्यांनी विचारले, "कावळा शिवला?"

"नाही. दोन आले. तासभर थांबलो आम्ही."

"बघ. मी अजून आहे, हे कावळ्याला कळलं." ओठाचा एक कोपरा हलला. "तुला तेवढं कळू नये?"

मी त्यांच्या पायांवर डोके ठेवले. त्यांनी डावा हात माझ्या केसांवर ठेवला. "जीभ आहे. घसरते. माझी बघ की." मला रडू आवरेना. माझे ओझे उतरले असे मला वाटले, आणि त्या सुटकेत मी खांद्याविषयी बोललो नाही. बोलायचे राहून गेले असे नव्हे. मी ते उच्चारले नाही. जे क्षमा करण्यासारखे होते तेवढेच मी त्यांच्यापुढे ठेवले होते.

वर पाहिले तर दारात आई उभी होती. तिने एकच विचारले. "भात कुठला होता?"

"डब्यातला," मी म्हणालो.

ती आत गेली. दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्यात पोळीभाजी असे. मला घराबाहेर नेण्यासाठी तिने पुन्हा कधी भात दिला नाही. माझे लग्न झाले, मुले झाली, तरी नाही.

सुगतला मी सारे सांगितले तेव्हा तो पांढराफटक पडला. त्याच संध्याकाळी खाली आला, अण्णांच्या कॉटजवळ उभा राहिला. "काका, मला कळलंच नाही हो. मी तो शॉट काढून टाकतो."

"काढल्यावर काय उरेल?" अण्णांनी विचारले.

"काही नाही. चिखल न खुर्ची."

"मग आधी दाखव."

श्रावणातल्या एका रविवारी सकाळी शहरातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात तो चित्रपट दाखवला गेला. तीसेक खुर्च्या, खिडक्यांना काळे कापड. अण्णा कोट आणि टोपी घालून पहिल्या रांगेत बसले. मी त्यांच्या उजवीकडे. आई आली नाही. पडद्यावर भेगाळलेली जमीन सरकू लागली, इतकी जवळून की ती एखाद्या म्हाताऱ्याच्या तळव्यासारखी वाटे. टेलिफोन वाजत राही आणि कोणी उचलत नसे. दाराची चौकट एकटीच उघड्यावर उभी होती, आणि कॅमेरा त्या चौकटीतून आत यायला पाहत होता, पण आत म्हणून काही नव्हतेच. माझा घनपाठ सुगतने खरोखरच उलटा फिरवला होता. माझाच आवाज कोणा अनोळखी भाषेत कण्हत होता. मग माझा चेहरा आला. अण्णांनी आपला डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. 'अस्मत्पितुः' म्हणून पडद्यावरचा मी थांबलो, आणि सभागृहात अण्णांचे नाव उमटले, गोत्रासह, सुस्पष्ट, ण जागच्या जागी. त्यांचा हात हलला नाही. उलट त्यांनी मनगट किंचित दाबले. मी श्वास सोडला.

त्यानंतर कॅमेरा खाली उतरला आणि माझ्या उघड्या उजव्या खांद्यावर स्थिरावला. ती पांढरी रेघ खरोखरच फार सुंदर दिसत होती. सुगत एक सेकंद म्हणाला होता. त्याने ती पुष्कळ वेळ ठेवली होती. माझ्या मनगटावरचा हात उचलला गेला. अण्णांनी तो आपल्या काठीवर ठेवला आणि चित्रपट संपेपर्यंत तेथेच ठेवला.

बाहेर सुगत जिन्यात थांबला होता. "काका?" एवढेच म्हणाला. अण्णा त्याच्यापुढे थांबले. "काढू नकोस," ते म्हणाले. "तुझ्या वडिलांना पोचलं असेल." सुगतने तोंड भिंतीकडे वळवले.

रिक्षात आम्ही दोघेच होतो. पुलाच्या अलीकडे वाहने अडली होती. अण्णा समोर पाहत, माझ्याकडे न वळता म्हणाले, "जीभ घसरते. खांदा घसरत नाही."

मी अडलेल्या वाहनांकडे पाहिले.

"जिभेचं सांगितलंस."

"हो."

"खांद्याचं नाही."

"नाही, अण्णा."

सिग्नल सुटला. वारज्यापर्यंत अण्णा बाहेर पाहत राहिले. घरी आल्यावर पाय धुतले, जेवले, वामकुक्षी केली. माझ्यावर रागावले नाहीत. मला वाटते, रागावले असते तर मी आयुष्यभर थोडा कमी झुरलो असतो.

भाद्रपद लागला तसे एके दिवशी दुपारी त्यांनी मला अंतर्देशीय पत्र आणि पेन घेऊन बसायला सांगितले. त्यांचा हात अजून लिहिता नव्हता. पत्र शहरातल्या एका गुरुजींना होते, अण्णांच्या जुन्या स्नेह्यांना. अण्णा सावकाश सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. आमच्याकडील श्राद्धाची सर्व घरे यंदापासून आपण सांभाळावीत. सोबत पत्ते आणि तिथी देत आहे. मी पत्ते लिहिले, तिथी लिहिल्या. ती सारी घरे माझ्या पायांखालची होती. कोणत्या घरात विहिरीचे पाणी, कोणत्या घरात आजी ऐकू येत नसूनही पुढे येऊन बसतात, हे मला पाठ होते. एकेक घर माझ्याच अक्षराने दुसऱ्याचे होत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. अण्णा थांबले तेव्हा मी खाली मान घालूनच विचारले, "कारण लिहायचं का? ते विचारतील. मुलगा तयार आहे, हे त्यांना ठाऊक आहे."

अण्णांनी विचार केला. त्यांचे ओठ आधी नुसतेच हलले. अवघड वर्ण टाळून वाक्य कसे बांधता येईल ते पाहत असावेत.

"लिही," ते म्हणाले. "चिरंजीवांचे वडील हयात आहेत."

'वडील' मधला ड त्यांना म्हणता आला नाही. मी तो लिहिला. पत्र पुरे झाले आणि मी सहीसाठी पुढे केले, तेव्हा त्यांनी ते घेतले नाही.

"शेवटचं वाच."

मी वाचले. "चिरंजीवांचे वडील हयात आहेत."

"पुन्हा वाच. मोठ्यानं."

मी पुन्हा वाचले. त्यांनी हात पुढे केला, पेन बोटांत नीट धरायला त्यांना वेळ लागला, आणि त्यांनी सही केली. अक्षरे वेडीवाकडी आली, पण नाव पूर्ण आले. तिसऱ्यांदा वाचायला त्यांनी सांगितले नव्हते. ते मीच वाचले.